पाचव्या पिरियडला कंपासपेटी का पडते?

आठवीचा इतिहासाचा पिरियड, दिवसातला पाचवा. धडा मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यायची माझी जुनी सवय. पहिल्या बाकापासून सुरुवात, एकेकाने एकेक परिच्छेद. पाळी सरकत सरकत खिडकीकडच्या रांगेत शिरली की चौथ्या बाकावरच्या एका मुलाची कंपासपेटी खाली पडायची. पत्र्याची. करकटक एकीकडे, गुण्या दुसरीकडे, खोडरबर तिसऱ्याच्या पायाखाली. चार मुलं वेचायला वाकायची, त्यातली दोन बाकाखालीच एकमेकांना ढोसायची आणि वर्ग हातातून सुटायचा.

"टीचर, हांवें कितें केलां? आपशींच पडली." चेहरा असा भोळा, की जणू आत्ताच देवाला नमस्कार करून आलाय.

मी त्याला बाहेर उभं करायची. जाता जाता तो दारातून मागे वळून कुणाला तरी डोळा मारायचा, हशा पिकायचा आणि वाचन पुढच्या मुलाकडे जायचं. जवळजवळ अख्खं सत्र हे चाललं. इतकी वर्षं गोव्यातल्या डिचोली तालुक्यात शिकवतेय, आणि आठवीतला एक पोरगा रोज मला हवं तसं नाचवत होता हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

मग एकदा स्टाफरूममध्ये त्याचा विषय निघाला. गणिताच्या टीचर म्हणाल्या, "तो? माझ्या तासाला तर मान वर करत नाही, गणितं सोडवत बसतो." विज्ञानाचे सर म्हणाले, प्रयोग झाला की परीक्षानळ्या धुऊन ठेवायला पहिला तोच येतो. मला आधी रागच आला. म्हणजे माझ्याच राशीला! पण घरी जाताना बसमध्ये ते डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवसापासून डायरीच्या शेवटच्या पानावर नोंद ठेवायला लागले: तारीख, वेळ, आणि पेटी पडायच्या एक मिनिट आधी वर्गात काय चाललं होतं. बस्स, एवढंच. दोन आठवड्यांत सात नोंदी झाल्या. त्यातल्या सहा वेळा वाचनाची पाळी त्याच्या पुढच्या बाकापर्यंत आली होती.

आमचं इतिहासाचं पुस्तक इंग्रजीत, आणि त्याला इंग्रजी धडाधड वाचता येत नव्हतं. सगळं कोडं एवढंच.

मुलांच्या वागण्याचा अभ्यास करणारे लोक हे फार सोप्या भाषेत सांगतात. एखादं वागणं पुन्हा पुन्हा होतंय, म्हणजे त्यातून त्या मुलाला काहीतरी मिळतंय किंवा त्याचं काहीतरी टळतंय. मिळतंय म्हणजे लक्ष, हशा, मित्रांमध्ये वट. टळतंय म्हणजे न येणारं काम, फजिती, कधी कधी नुसता कंटाळा. माझ्या पोराचा हिशेब चोख होता. बाहेर उभं राहिलं तर दोन मिनिटं हिरो. अडखळत वाचलं तर आठवडाभर चिडवाचिडवी. मी देत असलेली शिक्षा हेच त्याचं बक्षीस होतं, आणि ते मी न चुकता देत होते. म्हणून मुलाने काय केलं यापेक्षा केव्हा केलं हे आधी विचारावं, असं माझं मत झालंय. "काय" हे वर्गात सगळ्यांनाच दिसतं. "केव्हा" शोधावं लागतं.

आता त्याला वाचता का येत नव्हतं? इथे आपल्या गोव्याची गोष्ट येते. हा मुलगा गावातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून आलेला. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळांमध्ये मराठी माध्यमाच्या शाळाच सगळ्यात जास्त. 1990 साली सरकारने ठरवलं की प्राथमिक शाळेला अनुदान हवं तर माध्यम मराठी किंवा कोकणी हवं. 2011 मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचा निर्णय झाला आणि त्यावरून राज्यात केवढं रण माजलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या वादात कुणाचं बरोबर हे मी इथे उकरत नाही. पण त्या सगळ्या भाषणांमध्ये पाचवीची उडी मात्र फार कमी लोकांनी बोलून दाखवली. चौथीपर्यंत पोर घरी कोकणी बोलतं, शाळेत मराठी वाचतं, आजोबांना पेपर वाचून दाखवतं. पाचवीत पाऊल टाकलं की गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल सगळं इंग्रजीत. जी मुलं सावरतात ती सावरतात. जी सावरत नाहीत ती फळ्यावरचं सुबक अक्षरात उतरवून घेतात, आणि वही इतकी नीटनेटकी असते की पाचवी-सहावीत कुणाला संशयही येत नाही.

आठवीत दोन गोष्टी एकदम होतात. पुस्तक जाड होतं आणि लाज वाटायला लागते. दहा वर्षांचं पोर अडखळलं तर हसून पुढे जातं. तेरा वर्षांच्या मुलाला तेच अडखळणं जिवावर येतं. त्याच्या मेंदूत नेमकं तेव्हाच काय चाललेलं असतं ते थोडं समजून घेऊ.

वयात येताना मेंदूचा भावनांचा आणि बक्षिसाची ओढ लावणारा भाग जोरात पेटतो. कपाळामागचा भाग, जो थांब म्हणतो, परिणाम तोलतो, तो मात्र सावकाश पिकतो. विशीच्या मध्यापर्यंत त्याचं काम चालू राहतं. आपल्या भाषेने गद्धेपंचविशी हा शब्द कुठल्याही स्कॅनशिवाय तयार केला आणि आकडाही जवळपास बरोबर धरला, याचं मला दर वेळी कौतुक वाटतं.

पण हे मेंदूचं स्पष्टीकरण हल्ली फार स्वस्त झालंय. पालकसभेत कुणीतरी मोबाइलवर वाचून येतं आणि म्हणतं, टीचर, त्यांचा मेंदूच कच्चा असतो, काय करणार? तसं असतं तर हीच पोरं चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, रात्री उशिरापर्यंत आरतीचं घुमट वाजवताना एक ठोका चुकत नाहीत ते कसं? धाकट्या भावंडाचा हात धरून हमरस्ता ओलांडताना त्यांना बरोबर थांबता येतं ते कसं? शांत डोक्याने, एकटं बसवून विचारलं तर पंधरा-सोळा वर्षांचं पोर जवळजवळ मोठ्या माणसाइतकाच नीट विचार करतं. गडबड होते ती डोकं तापलं की, आणि आजूबाजूला दोस्त असले की.

या दोस्तांवर एक गमतीदार प्रयोग झालाय. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकेतल्या संशोधकांनी तो 2005 मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे 300 जणांना कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ दिला. सिग्नल पिवळा होतो, गाडी जितकी पुढे न्याल तितके गुण जास्त, पण लाल व्हायच्या आत थांबला नाहीत तर आपटलात आणि गुण गेले. खेळणारे तीन वयांचे: 13 ते 16, 18 ते 22 आणि 24 च्या पुढचे. काहींना एकटं बसवलं, काहींना बरोबरीच्या दोघांसमोर. एकटी असताना तिन्ही गटांची जोखीम साधारण सारखीच निघाली. दोघे बघत बसल्यावर 24 च्या पुढच्यांना काही फरक पडला नाही. शाळकरी मुलं मात्र एकटं असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करायला लागली.

तिथे बघणारे दोन होते. माझ्या वर्गात अडतीस असतात.

डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने 1967 मध्ये या वयाच्या मुलांसाठी एक नेमका शब्द दिला: काल्पनिक प्रेक्षक. या वयात मुलाला सतत वाटत असतं की सगळं जग आपल्याकडेच बघतंय, आपल्या नाकावरच्या पुळीकडे, आखूड झालेल्या पँटकडे, तुटलेल्या चपलेकडे. घरी आरशासमोर हे प्रेक्षक काल्पनिक असतात हे खरं. वर्गात ते खरोखरचे असतात, बाकावर बसलेले असतात आणि सुट्टीत बोलूनही दाखवतात. म्हणून मुलाला मार्कांपेक्षा, टीचरच्या रागापेक्षा, घरच्या बोलण्यांपेक्षा या अडतीस जणांच्या डोळ्यांतली किंमत मोठी वाटते. मोठ्यांना हा वेडेपणा वाटतो. पण आपणही लग्नाला जाताना साडी दोनदा बदलतोच ना.

आणि नेमक्या या प्रेक्षकांसमोर आम्ही शिक्षक काय करतो? "ए, उभा राहा! काय म्हणालास? परत म्हण!" आम्ही त्याच्यासाठी रंगमंच उभारतो, वर उजेडही पाडतो. आता त्या पोरापुढे दोनच वाटा: मान खाली घालून सगळ्यांसमोर हरायचं, नाहीतर उलट उत्तर द्यायचं. बरीच मुलं दुसरी वाट धरतात, आणि आम्ही म्हणतो, शिंगं फुटली याला.

जेराल्ड पॅटरसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने घराघरांतली अशी भांडणं वर्षानुवर्षं बारकाईने पाहिली. त्याला दिसलेली गोष्ट साधी आहे. एक जण आवाज चढवतो, दुसरा त्याहून वर चढवतो, असं होत होत कुणीतरी एक माघार घेतो. जिंकणारा शिकतो की चढवलेला आवाज कामाला येतो. हरणाऱ्यालाही शांतता मिळते, म्हणून तो पुढच्या वेळी अजून लवकर हरतो, किंवा अजून मोठ्याने सुरुवात करतो. हे वाचल्यावर मला त्या मुलापेक्षा स्वतःचीच जास्त धास्ती वाटली. मी ओरडले की वर्ग दोन मिनिटं चिडीचूप होतो. त्या दोन मिनिटांनी मला ओरडायची सवय लावली. वर्गही शिक्षकाला वळण लावत असतो, आणि आम्हाला वाटतं वळण आपणच लावतोय.

मधेच कुणी वडील येतात आणि म्हणतात, "टीचर, दोन ठेवून द्या त्याला, मी काही बोलणार नाही." प्रेमाने म्हणतात, विश्वासाने म्हणतात. कायद्याने ते जमत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि गोव्याने तर त्याच्याही आधी, 2003 च्या आपल्या बाल कायद्यात शाळेतल्या मारहाणीवर बंदी घातली. पण कायदा नसता तरी सांगते, माराने "काय" थांबतं, "केव्हा" तसंच राहतं. माझ्या पोराला दोन फटके मिळाले असते तर पेटी पडायची थांबली असती आणि त्याने दुसरं काहीतरी शोधलं असतं. पोटात दुखणं, मुतारीला जाणं, नाहीतर सरळ शाळेलाच न येणं.

झोपेचंही तितकंच खरं आहे, फक्त त्यावर कुणी चिडत नाही म्हणून ते दिसत नाही. वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं. ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्सकॅडन यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. या वयाला 8 ते 10 तास झोप लागते. आता आमचा हिशेब बघा. शाळा पावणेआठला, बालरथ, म्हणजे शाळेची बस, नाक्यावर पावणेसातला, म्हणजे उठणं सहाला किंवा त्याच्याही आधी. नऊ तास हवे तर पोराने रात्री नवाला झोपायला हवं, आणि त्याचं शरीर म्हणतंय अजून अकरा वाजू देत. मोबाइल आहेच. शिवाय जत्रांचे दिवस आले की दशावतारी नाटक पहाटेपर्यंत बघून पोरं तशीच गणवेश चढवून येतात.  झोप अपुरी झाली की हे वय नुसत्या जांभया देत नाही, ते चिडतं. "पुस्तक काढ" म्हटलं तरी खेकसतं. 2025 पासून सहावी आणि पुढचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू व्हायला लागले, तेव्हा बंद पडलेल्या पंख्याखाली पोरांची आणि माझी, दोघांचीही सहनशक्ती किती उरते ते मी अनुभवलंय.

घरचं बोलायचं तर मला 2012 आठवतं. त्या वर्षी सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. आमच्या भागात कितीतरी घरांसमोर खनिज वाहायला कर्जावर घेतलेला ट्रक होता. एक मुलगी, नववीतली, तोपर्यंत वर्गाची मॉनिटर, त्या दिवाळीनंतर एकदम फटकळ झाली. कशालाही "माका नाका" म्हणून मोकळी. एकदा तिच्या घरी गेले तेव्हा अंगणात फणसाखाली ट्रक उभा होता, चाकं काढलेली, खाली चिरे लावलेले, वर निळी ताडपत्री आणि ताडपत्रीवर कोंबड्या. तिची आई चहा आणायला आत गेली तेव्हा मुलगी मला म्हणाली, "टीचर, शाळेत सांगू नका हां." काय सांगू नका, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्यानंतर ती बोलली की मला तिचे शब्द कमी आणि ती ताडपत्री जास्त दिसायची.

पण प्रत्येक वात्रट पोरामागे करुण कहाणी असते असं मानायची आता फॅशन झालीय, तीही मला पटत नाही. काही पोरं निव्वळ मजा येते म्हणून दंगा करतात. कित्येकदा कारण मीच असते. दुपारी साडेबाराला वीस मिनिटं फळ्यावरून नोट्स उतरवायला लावल्या तर मागच्या बाकावरून कागदी विमान उडणारच. ते माझ्या तासाचं प्रगतिपुस्तक असतं.

मग काळजी कधी करायची? पुन्हा "केव्हा" आणि "कुठे" हेच उपयोगी पडतं. एकाच पिरियडला होणारा दंगा त्या पिरियडमध्ये काहीतरी शोधायला सांगतो. लक्ष न लागण्याचा आणि अतिचंचलतेचा जो विकार असतो, त्याचं निदान करताना डॉक्टर दोन गोष्टी तपासतात: लक्षणं 12 वर्षांच्या आधीपासून आहेत का, आणि शाळा, घर अशा एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसतात का. माझा पोरगा गणितात शांत होता, तेव्हा त्याला तसलं लेबल चिकटवणं अन्यायच झाला असता. उलट चांगलं वागणारं मूल महिन्याभरात सगळीकडेच बदललं, खेळ सोडला, मित्र सोडले, सतत चिडचिड करायला लागलं, तर थांबू नये. या वयात नैराश्य बऱ्याचदा रडण्यातून दिसत नाही, तिरसटपणातून दिसतं, आणि आपण त्यालाच उर्मटपणा म्हणून डायरीत लाल शेरा देतो. गोव्यात शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून शाळांना समुपदेशक मिळतात. मुलांसाठी 1098 आणि मनाच्या त्रासासाठी 14416 हे फुकटचे नंबर आहेत.

समुपदेशकांवरून आठवलं. 1996 मध्ये गोव्यात सुरू झालेल्या संगात या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 70 हून जास्त माध्यमिक शाळांमध्ये एक मोठा प्रयोग केला. काही शाळांत बाहेरचा, साधा, प्रशिक्षण दिलेला समुपदेशक नेमला, काही शाळांत तेच काम शिक्षकाला दिलं, काही शाळा होत्या तशा ठेवल्या. 2018 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. बाहेरचा माणूस होता तिथे मुलांना शाळा आपली वाटायला लागली, दादागिरी कमी झाली, नैराश्यही कमी झालं. शिक्षकाने तेच केलं तिथे तसा फरक दिसला नाही. शिक्षक म्हणून हे पचवायला जड आहे. मला वाटतं, जो माणूस मार्क देतो, डायरीत शेरा लिहितो आणि पालकांना बोलावतो, त्याच्यापाशी पोरं मन कशाला मोकळं करतील? शिवाय त्या बिचाऱ्या शिक्षकाच्या टेबलावर तपासायच्या वह्यांचा ढीग असतोच.

माझ्या पोराला मी काही फार शहाणपणाने हाताळलं असं नाही. मधल्या सुट्टीत नळापाशी तो बाटली भरत होता, आजूबाजूला कुणी नव्हतं. हळू आवाजात म्हटलं, "उद्यापासून तुझा परिच्छेद कुठला ते मी तुला आदल्या दिवशी सांगत जाईन. घरी वाचून ये." त्याने नळाकडेच बघत मान हलवली. बाटली भरून वाहत होती तरी नळ बंद केला नाही. वाचून झालं की परिच्छेदात काय आलंय ते मराठीत किंवा कोकणीत सांगायचं, असा नियम मग सगळ्या वर्गालाच लावला, म्हणजे त्याचा एकट्याचा विषय राहिला नाही. तिथे गंमत झाली. इंग्रजी पोपटासारखं वाचणाऱ्या दोन मुलींना आपण काय वाचलं ते सांगता येईना, आणि याला येत होतं.

पहिल्या आठवड्यात तो वाचताना सरळ शब्द गाळायचा. कुणी मागून हसलं की थांबायचा, मी पुस्तकातून डोकं वर काढायची नाही. सहामाहीत त्याला इतिहासात पासापुरते मार्क मिळाले, जास्त नाहीत. वाचन अजूनही संथच आहे.

डिसेंबरात एकदा पाचव्या पिरियडला पेटी पडली. खण्णकन. अख्खा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. तो आधीच खाली वाकून करकटक शोधत होता, आणि बाकाखालूनच आवाज आला: "ह्या खेपे खरेंच पडली, टीचर."